मंद गतीत बंद पडणारी मोटार : निदान आणि निवेदन

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कच्च्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे जे वाहन प्रामुख्याने धावत आले ते म्हणजे मारुती जिप्सी. हे वाहन १९८५ साली बाजारात आले. १९९६ च्या ‘किंग’ या प्रकारात त्यास १३०० घन सेंटिमीटरचे इंजिन मिळाले, २००० सालच्या सुमारास कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांनी घेतली, आणि २०१९ च्या सुमारास खासगी ग्राहकांसाठी त्याची विक्री थांबली. म्हणजे आज धावणारी जिप्सी ही जुनीच गाडी होय, आणि तिचे कामही असे की दिवसभर मंद गतीनेच चालावयाचे. अशा गाडीचा सर्वांत जाचक दोष म्हणजे वेग कमी करताच इंजिन बंद पडणे. जंगलात खाली उतरण्यास मनाई असल्यामुळे तेथे बॉनेट उघडून पाहण्याची सोय नसते. गाडी दुरुस्तीस येते तेव्हा बहुधा ती सुरळीत चालत असते, आणि मिस्त्रीच्या हाती प्रथम येतो तो दोष नव्हे, तर चालकाने सांगितलेला दोषाचा वृत्तांत. म्हणून प्रस्तुत विषयात यंत्राइतकाच वाक्याचाही विचार करावा लागतो.

प्रथम यंत्राचा विचार करू. कार्बोरेटरमध्ये इंधन देण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. अॅक्सिलरेटर दाबला असता थ्रॉटलची झडप उघडते, हवेचा जोरदार प्रवाह सुरू होतो व तो मुख्य जेटमधून पेट्रोल ओढून घेतो. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते, हा प्रवाह मंदावतो आणि मुख्य जेट निरुपयोगी ठरतो. मग इंजिन जगते ते केवळ स्लो जेटच्या आधारावर. या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. मिनिटाला ८०० ते ९०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाजवळ शक्तीची शिल्लक जवळपास नसतेच. त्यामुळे वेगात जो दोष जाणवतही नाही, तोच येथे प्राणघातक ठरतो. याच्या उलट, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल तर गाडी मंद गतीत ठीक चालते व चढावर किंवा वेगात दम सोडते. तात्पर्य, दोष कोठे दिसतो याइतकेच तो कोठे दिसत नाही हेही महत्त्वाचे होय.

आता निवेदनाचा विचार. ‘गाडी बंद पडते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले तरी निदानदृष्ट्या अपुरे आहे. त्यात रीतिवर्तमानकाळ आहे. घटना वारंवार घडते एवढेच त्यातून कळते, कोणत्या परिस्थितीत घडते हे कळत नाही. निदानाचा खरा भार उपवाक्यावर असतो. ‘ब्रेक दाबला की बंद पडते’ यातील ‘की’ हा कारण व कार्य यांमध्ये क्षणाचेही अंतर न ठेवणारा आहे. ‘तापल्यावर बंद पडते’ यात मात्र एक अवस्था पूर्ण होऊन तिच्या पोटी दुसरी उद्भवते. पहिल्या वाक्याने ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीकडे लक्ष जाते, दुसऱ्याने उष्णतेकडे. ‘चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडते’ असे कोणी म्हणाला तर दोष कदाचित यंत्राचा नसून गिअरच्या निवडीचा असेल. जिप्सीला अशा जागांसाठी कमी गतीची वेगळी गिअररचना दिलेलीच आहे. बंद पडण्यापूर्वी इंजिन झटके खाते, धापा टाकते की दिवा विझावा तसे एकाएकी थांबते, हेही विचारले पाहिजे. एकाएकी थांबणे हे बहुधा ठिणगी तुटल्याचे लक्षण असते, तर धापा टाकणे इंधनाच्या गडबडीचे.

वृत्तांतावरून बांधलेला तर्क तपासण्यासाठी कार्बोरेटरच्या गाडीत एक साधी कसोटी आहे. इंजिन गरम झाल्यावर ते मंद गतीत चालू ठेवून चोक किंचित ओढावा. चोकमुळे हवा घटते व मिश्रण दाट होते. इंजिन सावरले तर मिश्रण पातळ होते असे ठरते. अधिकच गुदमरले तर ते आधीच दाट होते, म्हणजे फ्लोटची सुई नीट बसत नसून पेट्रोल ‘ओव्हर’ होत असावे. काहीच फरक न पडल्यास प्लग, पॉइंट, कंडेन्सर, वायर यांकडे वळावे. एकाच कृतीने संशयितांचे तीन गट पडतात.

मिश्रण पातळ असण्याची कारणे मुख्यतः दोन : पेट्रोल कमी येणे किंवा हवा जास्त येणे. मॅनिफोल्डचे गॅस्केट अथवा एखादी रबरी नळी चिरली असेल तर इंजिन चोरवाटेने हवा घेते. थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमधील ओढ सर्वाधिक व एकूण हवा सर्वांत कमी असते, म्हणून ही चोरी मंद गतीतच बाधते. इंजिन चालू असता ब्रेकच्या सर्व्होकडे जाणारी नळी क्षणभर चिमटून धरावी. फेरे स्थिर झाले तर गळती त्या बाजूस आहे. सर्व नळ्या व सांधे निर्दोष ठरले, तरच स्लो जेट काढून साफ करावा.

२०२३ पासून विक्रीस आलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलही येथे ध्यानात घेतले पाहिजे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणास सुमारे १३.५ पुरे. जुना कार्बोरेटर हा फरक ओळखत नाही, त्यामुळे मिश्रण मुळातच थोडे पातळ पडते. शिवाय जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने खराब होऊ शकते.

चंद्रपूर-गडचिरोलीत ऋतू हाही एक पुरावा ठरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पेट्रोलचे हलके घटक तर ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. मंद गतीत बॉनेटखाली वारा खेळत नाही, नळीत वाफ धरते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढू लागतो. अशी बंद पडलेली गाडी काही वेळ थांबल्यावर, अथवा पंपावर व नळीवर ओले फडके ठेवल्यावर सुरू झाली, तर कारण उष्णता होय. जेट साफ करून काही साधणार नाही. याउलट ताडोबाचा गाभा पावसाळ्यात पर्यटनास बंद असतो. त्या काळात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते, चिकट साका उरतो व बारीक छिद्र बुजते. ऑक्टोबरात उद्भवलेली तीच तक्रार प्रथम स्लो जेटकडे बोट दाखविते.

इंजेक्टरच्या गाडीस चोकची कसोटी लागू नाही. तेथे थ्रॉटलभोवती साचलेली काजळी व मंद गतीची हवा नियंत्रित करणारी झडप यांची तपासणी प्रथम करावी. तर्काचा क्रम मात्र तोच राहतो.

या क्रमाला फाटा देणारा एक उपाय सर्वत्र प्रचलित आहे : स्क्रू पिळून इंजिनाचे फेरे वाढविणे. त्याने गाडी बंद पडत नाही हे खरे. पण थ्रॉटल किंचित उघडा राहिल्याने दोष झाकला जातो, पेट्रोल अधिक जाते, आणि फाटलेली नळी फाटतच राहते. ती ब्रेकच्या सर्व्होची असेल तर उतारावर ब्रेकचे पेडल जड होईल. प्लग, पंप व कार्बोरेटर एकाच दिवशी बदलणे हाही तितकाच सदोष मार्ग. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि भुर्दंड बसतो तो हंगामाच्या कमाईवर जगणाऱ्या चालकास. दोन उच्चारांत एकच ध्वनी बदलून अर्थ बदलतो काय हे भाषाशास्त्र पाहते. निदानातही एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत आणि मगच निर्णय द्यावा.