तर्रीविना दहा दिवस

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती तिरपी अडकते, हिरडी सुजते आणि अखेर दाढ काढावी लागते. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, त्यामुळे ही शस्त्रक्रिया शहराला नवी नाही. खरी पंचाईत घरी आल्यावर जेवणाची होते.

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आडोशाने जखम भरते. म्हणून पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही. बधिरपणा उतरेपर्यंत गाल किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही. तोवर न खाणेच बरे. त्यानंतर गार दूध, दही, चमच्याने खाल्लेले साधे आइस्क्रीम चालते. मधुमेह असेल तर आइस्क्रीमऐवजी दहीच. वेदनाशामक गोळी मात्र उपाशीपोटी घेऊ नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, तोंड बोटभरही उघडत नाही. तेव्हा कोमट पातळ वरण आणि गुरगुट्या भात, वर तूप. इथेच वऱ्हाड-नागपूरचे दुसरे स्वयंपाकघर कामाला येते. सावजी रस्सा आणि तर्रीपोह्यांचा एवढा गवगवा झाला, की या मुलखातल्या मवाळ पदार्थांची कोणी दखलच घेत नाही. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून शिजवलेली आंबील वाटीने पिता येते. ताक मात्र गोडसर हवे, आंबट ताक जखमेला झोंबते. चौथ्या दिवसापासून ज्वारीच्या कण्या. त्या नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून, पार मऊ होईपर्यंत शिजवाव्यात, नाहीतर भरड दाणा नेमका खड्ड्यात जाऊन बसतो. दूध घालून त्या पोटभरीच्या होतात, आणि दुकानातल्या कुठल्याही डबाबंद पावडरीपेक्षा कितीतरी चवदार. पुढे तोंड उघडू लागले की गोळाभात: हरभरा डाळीच्या भरड्याचे गोळे भाताच्या वाफेवर शिजतात, बोटाने कुस्करतात आणि प्रथिनेही देतात. त्यावरची लाल मिरचीची फोडणी तेवढी वगळायची. हिंग-जिऱ्याचे तेल पुरते. मिरची न घातलेले पातळ पिठलेही याच पंगतीतले. वडाभाताने मात्र वाट पाहावी, त्याचा कुरकुरीत वडा घात करतो.

दिवाळीत दाढ काढणाऱ्यांचे हाल विशेष. चिवडा, चकली, खसखस लावलेले अनारसे पहिले दहा दिवस बाद. आंबिया बहाराची संत्री नेमकी याच सुमारास बाजारात येतात, पण त्यांचा रस ताज्या जखमेवर चरचरतो. आठवड्याने, टाके निघाल्यावर, फोडी सोलून हळूहळू खाव्यात.

नागपुरी माणसाला तर्रीपेक्षा अवघड जातो तो खर्रा. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो, आणि सुपारीचा बारीक चुरा खड्ड्यात अडकतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्यांचे तोंड आधीच कमी उघडते; त्यांची दाढ काढणेही कठीण आणि नंतरचा घासही. ओठाआड ‘थोडासाच’ ठेवण्याची सवलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी कानापर्यंत चढला आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निसटलेली असू शकते. तेव्हा लवंग दाबून घरी बसू नये, दंतवैद्याकडे जावे.