गुरुवारची सुटी आणि मुलांचे नाटक

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या पट्ट्यात एकाच घरातील माणसांच्या सुट्या एकमेकींना क्वचितच भेटतात. विजेचा भार वाटून घेण्यासाठी कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्या विभागवार ठरल्या, तेव्हा आपल्या वाट्याला गुरुवार आला आणि अनेक कारखान्यांत तो आजही पाळला जातो. शाळा आणि बँका मात्र रविवारी बंद. राहिला दुकानदार. कामगार गुरुवारी बाजाराला निघतो, नोकरदार रविवारी निघतो. म्हणून हे दोन्ही दिवस त्याला गल्ल्यावर बसूनच काढावे लागतात.

मे महिन्यात शाळेचे दार बंद झाले की कामगाराच्या मुलाला निदान वडिलांचा गुरुवार मिळतो. आपल्या घरांत तेही घडत नाही. अक्षय्य तृतीयेपासून लग्नसराईचा जोर असतो. कापड, भांडी, सराफी या साऱ्यांचा हाच हंगाम. पूर्वी मुलांना आजोळी पाठवण्याची सोय होती. आता मामाही सदनिकेत राहतो आणि त्याचेही दुकान याच दिवसांत भरलेले असते. तेव्हा मूल घरात, हातात मोबाइल, आणि रात्री दहाला घरी येणारे वडील.

या पोकळीत गेली काही वर्षे आमच्या वसाहतीत मे महिन्यात मुलांचे नाट्यशिबिर भरते. मराठी बालरंगभूमीचा आणि उन्हाळ्याच्या सुटीचा संबंध जुना आहे. सुधा करमरकरांनी 1959 साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले, 1962 मध्ये रत्नाकर मतकरींची 'बालनाट्य' ही संस्था उभी राहिली, आणि पुढे मे महिना म्हणजे मुलांची नाटके असे समीकरणच होऊन बसले. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आमच्या पिढीला ठाऊक आहे. तीच चेटकीण 2018 पासून वैभव मांगले यांच्या रूपाने नातवंडांनीही पाहिली. आपल्या शहरातही चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह अशी नाट्यगृहे आहेत. शंभरावे नाट्यसंमेलन जानेवारी 2024 मध्ये इथेच झाले. म्हणजे जागा आहेत, परंपरा आहे. प्रश्न आहे तो प्रेक्षकांत बसणाऱ्या बापाचा.

हे मी अधिकाराने नव्हे, अपराधी म्हणून लिहीत आहे. 1994 सालच्या मे महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे नाटक होते. भूमिका झाडाची, वाक्ये दोन. सायंकाळी पाचचा प्रयोग. त्या दिवशी शाखेत रोजकीर्द जुळेना. फरक नव्वद रुपयांचा. फरकाला नवाने भाग गेला की कुठेतरी आकडे उलटे लिहिले गेले आहेत, हे आम्हा बँकवाल्यांना शिकवावे लागत नाही. पण नेमके कोणत्या चलनात, हे शोधायला सगळी चलने पालथी घालावी लागतात. एका चलनावरचे 540 वहीत 450 झाले होते. मी सभागृहात पोहोचलो तेव्हा पडदे उतरवले जात होते. मुलगी पायरीवर बसलेली, तोंडावरचा हिरवा रंग तसाच. आईने पुसू म्हटले तरी तिने पुसू दिला नव्हता. 'पप्पा, मी तुम्हाला म्हणून दाखवते,' असे म्हणून तिने ती दोन वाक्ये पायरीवर उभे राहून म्हटली. तो फरक दुसऱ्या दिवशीही सापडला असता.

असो. आताच्या शिबिराविषयी सांगायचे तर त्यातील मोठा लाभ भाषेचा आहे. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च निराळा, हे त्यांना प्रथम तालमीत कळते. गेल्या वर्षी मुलांनी फिरंगोजी नरसाळ्यांचा प्रसंग बसवला. 1660 मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे चाकणचा संग्रामदुर्ग या किल्लेदाराने जवळजवळ दोन महिने लढवला. तालमी सुरू होण्यापूर्वी एका पहाटे, उन्हे चढण्याआधी, सगळी कुटुंबे किल्ल्याचे अवशेष पाहून आली. चाकणमधून रोज माल भरणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी किल्ला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नेपथ्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ झालाच नाही. कापडाच्या ठाणाच्या आत असतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचे बुरूज झाले, सुट्या भागांच्या खोक्यांची तटबंदी झाली. ज्यांच्या दुकानातून हे सामान आले, ते वडील सामान पोचवायला म्हणून आले आणि तासभर तालीम पाहत उभे राहिले. मुलांना कोणत्याही बक्षिसापेक्षा ते अधिक मोलाचे वाटले असावे, असा माझा अंदाज आहे.

प्रयोगाच्या वेळेवरून मात्र दोन बैठका झाल्या. रात्री आठ वाजता दुकाने बंद करून येता येईल, असे काहींचे म्हणणे. पण मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या आज्या आठच्या प्रयोगासाठी जेवण उरकून येऊ शकतात, परंतु दमलेली लहान मुले प्रयोगानंतर उपाशी राहतात. रविवार सुचवला, तर सराफ नाही म्हणाले. अखेर गुरुवार, दुपारी साडेचार ते सहा, आणि सहाला सर्वांनी घरून आणलेल्या डब्यांचे एकत्र जेवण, असे ठरले. गुरुवारी मोठी विक्री असते, ही तक्रार रास्तच होती. हंगामातील तीन तासांची विक्री म्हणजे काय, हे ज्याने कर्जाचे हप्ते तपासण्यात आयुष्य घालवले त्याला सांगायला नको. म्हणून मी कोणालाही आग्रह केला नाही. फक्त ती नव्वद रुपयांची गोष्ट बैठकीत सांगितली.

गुरुवारी चार वाजता मी नातवाला घेऊन सभागृहाकडे निघालो. वाटेत एका कापड दुकानाचे शटर अर्धे खाली होते आणि त्यावर खडूने लिहिले होते : 'आज 4 ते 7 बंद. मुलाचे नाटक आहे.' आत दोन गिऱ्हाईके अजून साड्या पाहत होती. मालक घड्याळाकडे पाहत घाईने घड्या घालत होते. त्यांतल्या एका बाईंनी पाटी वाचली आणि साडी बाजूला ठेवून विचारले, 'कोणत्या सभागृहात आहे हो? आमची मुलेही घरीच आहेत.'