रामन यांचा उजेड, षटकोनी जाळीवर

28 फेब्रुवारी जवळ आला की माटुंग्याच्या कॉलेजांत विज्ञान दिनाची धांदल सुरू होते. रामन यांच्या फोटोला हार, पोस्टर स्पर्धा आणि ‘आकाश निळं का’ हा ठरलेला प्रश्न. (उत्तर खरं तर रॅलेचं!) विखुरताना थोड्या प्रकाशाची ऊर्जा बदलते, या रामन यांच्या 1928च्या शोधाचं चुंबकांच्या अभ्यासात पुढे काय झालं, हे मात्र पोस्टरवर सहसा येत नाही.

1966मध्ये फ्लरी, पोर्टो आणि सहकाऱ्यांनी आयर्न फ्लोराइडवर लेझर टाकला. विखुरलेल्या प्रकाशाची थोडी ऊर्जा कमी झाली होती. ती स्पिनच्या (अणूंमधल्या इवल्या चुंबकांच्या) लहरींनी, म्हणजे मॅग्नॉननी, घेतली होती. दोनच वर्षांत फ्लरी आणि लाउडन यांनी त्याचा सिद्धांत मांडला.

खरी गंमत 2006नंतरची. किताएव यांनी मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचं एक मॉडेल अचूक सोडवून दाखवलं. तिथे प्रत्येक स्पिनला तीन शेजारी, आणि तिघे त्याला तीन वेगळ्या दिशांना ओढतात. सगळ्यांचं समाधान अशक्य, म्हणून स्पिन शून्य तापमानालाही एका रांगेत बसत नाहीत, द्रवासारखे राहतात (म्हणून ‘स्पिन द्रव’). त्यांना धक्का दिला की मॅग्नॉन उठत नाही; धक्क्याचे तुकडे होतात, आणि त्यांतले काही कणांसारखे वागतात; त्यांना मायोराना फर्मिऑन म्हणतात. अशा द्रवात चुंबकीय अशुद्धी टाकली तर काय होईल, याचं गणित 2010मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या कुसुम धोचक आणि विक्रम त्रिपाठी यांनी चेन्नईच्या आर. शंकर यांच्याबरोबर मांडलं.

प्रयोगात अडचण होती. चुंबक तपासायचं नेहमीचं साधन न्यूट्रॉन, पण अशा जाळीच्या अनेक पदार्थांत असलेलं इरिडियम न्यूट्रॉन गिळून टाकतं, आणि मोठे स्फटिकही सहज मिळत नाहीत. लेझरला मात्र इवलासा पापुद्रा पुरतो. 2015मध्ये सँडिलँड्स आणि सहकाऱ्यांनी तशीच जाळी असलेल्या रुथेनियम क्लोराइडचा रामन आलेख काढला. अणूंच्या कंपनांची टोकदार शिखरं दिसली, आणि त्यांच्या खाली एक रुंद, पसरट उंचवटा. हा पदार्थ सुमारे 7 केल्विनखाली चुंबकीय शिस्तीत येतो. उंचवटा मात्र त्याच्या कितीतरी वरच्या तापमानालाही टिकून होता. पुढच्याच वर्षी नासू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याचा तापमानाशी असलेला संबंध फर्मिऑनच्या हिशोबात बसतो. त्याच वर्षी बंगळुरूच्या ए. के. सूद यांच्या गटाने सोडियम-लिथियम इरिडेटवर असाच रामन अभ्यास प्रसिद्ध केला.

इथे जरा सबुरी हवी. रुंद उंचवटा म्हणजे मायोराना सापडला असं नाही. साधे मॅग्नॉन एकमेकांत विरले तरी शिखरं पसरट होतात. शिवाय 7 केल्विनला शिस्तीत येणारा पदार्थ शुद्ध किताएव द्रव नव्हेच. क्रोमियम आयोडाइडच्या पातळ थरांतही 2018मध्ये मॅग्नॉन म्हणून जाहीर झालेली शिखरं पुढे इतरांनी जाळीच्या कंपनांच्या खात्यात टाकली. माझ्या मते रामनची साक्ष इथे भक्कम आहे, पण एकटीने निकाल लावण्याइतकी नाही.

माटुंग्यातल्या प्राध्यापकांना एकच विनंती: येत्या विज्ञान दिनी निळ्या आकाशाशेजारी 2015चा तो आलेखही लावा, आणि त्या उंचवट्याचा अर्थ काय, ते विद्यार्थ्यांनाच विचारा.