सेल्फ उतरवण्याआधी : लष्करी ट्रकच्या स्टार्टरविषयीचे गैरसमज

चेन्नईच्या अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ हा भारतीय सैन्याचा नेहमीचा ट्रक. कंपनीची सुरुवात १९४८ची, मूळ कारखाना एन्नोरला; सैन्यासाठीची जुळणी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत होत आली. असा ट्रक म्हातारा झाला, की एखाद्या सकाळी सेल्फ घेत नाही आणि संशय थेट सेल्फवर जातो. दोष मात्र पुष्कळदा सेल्फपर्यंत पोहोचणाऱ्या वाटेत असतो.

गैरसमज : खटखट आवाज आला, म्हणजे सेल्फ गेला.
वस्तुस्थिती : लागोपाठ खटखट होत असेल तर सोलेनॉइड ओढला जातो, भार येताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. कारण बहुधा बसलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल. एकच ‘खट्ट’ होऊन पुढे काहीच नाही, तर सोलेनॉइडचे जळके कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन ब्रश संशयित. तरी बॅटरी आणि केबल आधी तपासाव्यात.

गैरसमज : हेडलाइट लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत.
वस्तुस्थिती : २४ व्होल्टवर ७० वॉटचा दिवा जेमतेम ३ अँपिअर घेतो, ट्रकचा सेल्फ शेकडो अँपिअर मागतो. सिरीजमधल्या दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज असतील तर इंजिन बंद असताना मिळून २५.२ व्होल्टच्या आसपास दिसावेत. सेल्फ मारताना ते १९च्या खाली घसरले, तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. दोघींपैकी दुबळी कोण, ते कळते.

गैरसमज : पॉझिटिव्ह केबल जाड आहे, अर्थकडे पाहायची गरज नाही.
वस्तुस्थिती : जितका करंट जातो, तितकाच परतही येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे परतीची वाट अर्थच्या पट्टीतून. तिच्या बोल्टखाली गंज किंवा रंग असला आणि ०.०१ ओहम रोध वाढला, तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर अर्थ खरवडून घट्ट करावा.

गैरसमज : चेन्नईत थंडी नाही, त्यामुळे बॅटरी जास्त टिकते.
वस्तुस्थिती : थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, पण तिचे आयुष्य खाते ती उष्णता. तापल्याने पाणी आटते, आतल्या जाळ्या लवकर गंजतात. त्यात समुद्राची खारी हवा टर्मिनलवर गंज आणते. केबल सोडवून टर्मिनल ब्रशने स्वच्छ करावेत आणि घट्ट केल्यावर व्हॅसलिन लावावे.

गैरसमज : एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा रेडिओ चालवला तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : ती बॅटरी जास्त उतरते, पण अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो. परिणामी एक अर्धपोटी, दुसरी अतिचार्ज. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर वापरावा आणि बॅटऱ्या जोडीनेच बदलाव्यात.

गैरसमज : स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट केला की काम झाले.
वस्तुस्थिती : ट्रक गिअरमध्ये असेल तर तो अंगावर येऊ शकतो, ठिणग्यांनी बॅटरीतला हायड्रोजन पेटण्याचा धोका वेगळाच. किल्लीनेही सलग १०–१५ सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. मध्ये दोन मिनिटे थांबावे, नाहीतर वाइंडिंग तापते.

बॅटरी, केबल आणि अर्थ या तिन्ही चाचण्यांत ट्रक पास झाला, तरच सेल्फ उतरवावा. तोवर पाना पेटीतच राहू द्यावा.