गृहप्रवेशाआधी पाण्याचा हिशेब

ऊन उतरले की चांदूर रेल्वेच्या नव्या लेआउटमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. शाळेतून किंवा दुकानातून परतलेला घरमालक दुचाकी उभी करतो. मागे बायको, पुढे लहान पोर. विटांच्या ढिगाला वळसा घालून सगळे आपल्या अर्धवट घरात शिरतात. ‘ही बैठक, इकडे स्वयंपाकघर, आईची खोली इथे,’ असे दार नसलेल्या चौकटींमधून फिरत फिरत ठरत जाते. मग घरमालक पाइप उचलतो आणि भिंतींवर, खांबांवर पाणी मारतो. वऱ्हाडात याला तराई म्हणतात. अंधार पडता पडता बांधकामाचे टाके पुन्हा भरून ठेवायचे आणि भाड्याच्या घरी परतायचे. हा क्रम सहा-आठ महिने चालतो.

या फेऱ्यांमध्ये सळई मोजली जाते, सिमेंटची पोती मोजली जातात, टाइलचा रंग चारदा बदलतो. पाणी मात्र कोणी मोजत नाही. सिमेंटला ते भरपूर लागते, एवढेच माहीत असते. प्रत्यक्षात या घरात पुढची तीस-चाळीस वर्षे कोण किती आजारी पडेल, हे बऱ्याच अंशी पाण्यावर ठरते. ते कुठे साचले, कुठे मुरले, कुठून वाहून गेले, याचा निकाल गृहप्रवेशाआधीच लागलेला असतो. तोवर चूक दुरुस्त करायला मिस्त्रीला सांगितलेले एक वाक्य पुरते. नंतर फरशी फोडावी लागते.

आपल्या पूर्वजांना हा हिशेब ठाऊक होता. गावाचे दोन भाग असत, पांढरी आणि काळी. वस्ती पांढरीवर आणि शेती काळीत. पांढरीवर पाणी थांबत नाही, काळी माती मात्र पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आता गाव वाढले, पांढरी संपली आणि अकृषक झालेल्या शेतात, म्हणजे काळीवरच घरे उभी राहू लागली. म्हणून इथे पाया कठीण मुरमापर्यंत नेणे, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घेणे आणि जोत्यावर ओल अडवणारा थर देणे, या तीन गोष्टींत काटकसर करू नये. हा थर नसेल तर जमिनीतली ओल विटांमधून वर चढते. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा कायम दमट राहतो आणि कितीही वेळा रंग दिला तरी त्याचे पोपडे सुटतात.

पाया आणि खांब झाले की तराई सुरू होते आणि इथेच सर्वांत मोठा धोका उभा राहतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात, ते अनेकदा दोन आठवडे ठेवले जाते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला किती दिवस लागतात? अनुकूल हवेत साधारण ७ ते १० दिवस. म्हणजे जेवढ्या दिवसांत स्लॅब पक्का होतो, तेवढ्याच दिवसांत त्याच पाण्यात डासांची एक पिढीही तयार होते.

हा डास गटारातला नाही. त्याला माणसाने साठवलेले, स्वच्छ दिसणारे, स्थिर पाणी आवडते. बांधकामावरचे टाके, ड्रम, उघडी घमेली, स्लॅबवरची आळी ही सगळी त्याच्या पसंतीची ठिकाणे. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाक्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. टाके आटले तरी ही अंडी कोरड्या अवस्थेत काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून टाके नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावेही लागते. हा डास बहुतेक दिवसा चावतो आणि सहसा काहीशे मीटरपेक्षा लांब जात नाही. तेव्हा बांधकामावरच्या डासांचा त्रास पहिल्यांदा तिथेच झोपडी टाकून राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना होतो, मग शेजारच्या घरांना आणि शेवटी घरमालकाला.

बांधकाम आणि हा डास यांचे नाते जुने आहे. १८८०च्या दशकात फ्रेंचांनी पनामा कालवा खोदायला घेतला, तेव्हा पीतज्वर आणि मलेरियाने हजारो माणसे मेली. पीतज्वरही याच एडिस डासामुळे पसरतो. रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले जात. आपल्याकडेही दुभत्याच्या कपाटाचे पाय असेच ठेवत. त्या वाट्यांतच डास वाढत होते, पण तेव्हा हे कोणाला माहीत नव्हते. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये या डासावर बोट ठेवले होते. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले. पुढे अमेरिकेने कालव्याचे काम घेतल्यावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी घराघरातले साठवलेले पाणी झाकले, सांडले, त्यावर तेल टाकले. १९०६ नंतर तिथे पीतज्वर जवळजवळ दिसेनासा झाला आणि १९१४ मध्ये कालवा पूर्ण झाला. त्यांच्या हाती ना लस होती ना औषध. होती ती साचलेल्या पाण्यावरची नजर.

तीच नजर चांदूरच्या बांधकामावर ठेवता येते. खांबांना आणि भिंतींना बारदान गुंडाळून ते ओले ठेवले तर तराई चांगली होते आणि पाणी साचत नाही. स्लॅबवर आळी केलीच, तर दर पाच-सहा दिवसांनी पाणी फोडून, खराट्याने झाडून, लगेच नवे भरावे. टाके आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून आतून घासावे. सोमवार म्हणा की बाजाराचा दिवस म्हणा, वार ठरलेला असावा. आरोग्य विभाग ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतो तो हाच. उपसता येणार नाही इतके मोठे टाके असेल तर गप्पी मासे सोडावेत. टाक्यावर घट्ट झाकण हवे. त्याचा दुसरा उपयोग डासांपेक्षाही मोठा आहे, कारण मजुराचे रांगते-धावते मूल अशा टाक्यात पडले तर आवाजही होत नाही.

या काळात घरात किंवा मजुराच्या झोपडीत कोणाला अचानक मोठा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले तर डेंग्यूची शंका घ्यावी. भरपूर पाणी, ताक, ओआरएस द्यावे आणि तापाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉलच द्यावे. आयब्रुफेन, ॲस्पिरिन किंवा दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सर्वांत फसवा काळ ताप उतरतानाचा असतो, आजाराचा साधारण तिसरा ते सातवा दिवस. घरच्यांना वाटते, बरे झाले. त्याच वेळी पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, माणूस अस्वस्थ किंवा सुस्त झाला, लघवी कमी झाली, तर एक तासही न दवडता रुग्णालयात न्यावे.

घराच्या मागच्या बाजूला, कोणाचे फारसे लक्ष नसते अशा कोपऱ्यात सेप्टिक टँक बांधला जातो. नवा टँक वापरात आलेला नसतो, त्यामुळे त्यात कसला धोका, असे वाटते. पण वरचा स्लॅब टाकल्यावर काही दिवस तो बंद असतो. आत साचलेले तराईचे पाणी आणि कुजणारी सेंट्रिंगची लाकडे प्राणवायू संपवतात. अशा नव्या टँकमध्ये सेंट्रिंग काढायला उतरलेला मजूर गुदमरून पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा घटना देशात अनेकदा घडल्या आहेत. झाकणे पूर्ण उघडून, पाणी उपसून, पंख्याने किंवा ब्लोअरने बराच वेळ हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणसे उभी असल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नये. कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये.

या टँकचे पाणी शोषखड्ड्यात जाते. तो पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून सुमारे १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवा. १,५०० चौरस फुटांच्या भूखंडात हे अंतर मिळणे कठीण, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरला लागून असतोच. शिवाय काळी माती पाणी हळू शोषते, त्यामुळे भर पावसाळ्यात खड्डा तुंबतो. काविळीचे काही प्रकार, विषमज्वर, हगवण या रोगांचा रस्ता असा जमिनीखालून येतो. म्हणून बोअर आणि शोषखड्डा एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबच्या कोपऱ्यांत घ्यावेत, जमिनीतली पिण्याची टाकी सेप्टिक टँकला लागून बांधू नये आणि बोअरचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते राहिले की डास त्यातूनच ये-जा करतात.

भिंतीत मुरलेले पाणी दिसत नाही, पण ते पुष्कळ असते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला मिश्रणात साधारण २५ ते ३० लिटर पाणी पडते. त्यातले जेमतेम १२ लिटर रासायनिक क्रियेत कायमचे बांधले जाते. बाकीचे काँक्रीट आणि गिलाव्याच्या छिद्रांत राहते आणि कित्येक महिने हळूहळू बाहेर येते. घाईने रंग मारून, ऐन पावसाळ्यात खिडक्या लावून आत राहायला गेले की ही ओल अडकते. कपाटामागे, पलंगामागे बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. दमट घरात दम्याचा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो, हे त्यात नोंदले आहे. दमा असलेले मूल किंवा म्हातारे माणूस घरात असेल, तर गिलाव्यानंतर वऱ्हाडचा एक कोरडा उन्हाळा घराला मिळू द्यावा. एप्रिल-मेचे ऊन भिंती जशा वाळवते, तसे दुसरे काही नाही. तोवर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर लावावीत.

त्याच उन्हाळ्यात घरात कूलर येतो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय, असा हा धोक्याचा मेळ विदर्भात दर उन्हाळ्यात जीव घेतो. वायरिंगच्या वेळीच कूलरच्या खिडकीपाशी तीन पिनांचा पॉइंट आणि खरे अर्थिंग करून घ्यावे. बोर्डावर तिसरे छिद्र आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नसते. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज शरीरातून जमिनीत जाऊ लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. मे महिन्यात काळी माती कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. घरात मुद्दाम पाणी मुरवावे अशी ही एकच जागा.

शेवटी न्हाणीघर. ‘आईची खोली इथे’ हे पहिल्याच फेरीत ठरते, पण आई आंघोळीला कुठे जाईल हे बहुतेक शेवटी ठरते. म्हातारपणी ओल्या गुळगुळीत टाइलवर पाय सरकला की खुब्याचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. टाइल खरबरीत घ्यावी, पाण्याला जाळीकडे नीट ढाळ द्यावा, कमोडजवळ भिंतीत पक्का दांडा बसवावा आणि दार बाहेर उघडणारे ठेवावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

हे सगळे पैसेवाल्यांसाठीच आहे असे कोणी म्हणेल. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. चांदूर तालुक्यातल्या गावांमध्ये अनेकांचे घर याच हिशेबात बसते. पण टाके घासायला, आळी फोडायला, पाइपला जाळी बांधायला, दार कोणत्या बाजूने उघडेल हे सुताराला सांगायला पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात. लागते ते वेळेवर लक्ष.

वास्तुपूजनाचा दिवस ठरतो, मांडव पडतो, पाहुणे घर पाहून जातात. त्याआधीच्या संध्याकाळी घरमालकाने एकच फेरी आणखी मारावी आणि टाइलकडे न बघता फक्त पाण्याकडे बघावे. बांधकामाचे टाके अजून अंगणात असेल, तर ते उपसून, घासून, पालथे घालून किंवा बुजवून मगच घराला तोरण बांधावे.