कुकरीचे आकारमान आणि कामाचे स्वरूप

कुकरी म्हणजे गुरखा पलटणींचे शस्त्र, एवढीच तिची ओळख सामान्यतः रूढ आहे. म्यानाबाहेर आलेली कुकरी रक्त चाखल्यावाचून परत जात नाही, ही आख्यायिकाही तिच्याबरोबर फिरत असते. नेपाळच्या पहाडी मुलखात मात्र कुकरी हे प्रथमतः शेतकऱ्याचे अवजार आहे. सरपण फोडणे, झुडपे तोडणे, बांबू चिरणे, मांस कापणे ही तिची नित्याची कामे होत. यास्तव तिच्या आकारमानाचा विचार कामाच्या स्वरूपावरून करणे युक्त ठरते.

कुकरीचे पाते पुढे वाकलेले व पोटाशी रुंद असते. रुंदीमुळे वजनाचा भर मुठीपासून दूर जाऊन घावाला कुऱ्हाडीचे बळ येते. वाकामुळे धार वस्तूवर तिरकी सरकून सुरीसारखी कापते. या दोन गुणांपैकी कोणता प्रभावी व्हावा, हे प्रामुख्याने आकारमान ठरविते.

मोठी कुकरी अधिक कार्यक्षम, हा समज सर्वांशी खरा नाही. जाडी कायम ठेवून पात्याची लांबी व रुंदी दीडपट केली, तर वजन सव्वादोनपट होते. परंतु मुठीभोवती पाते फिरविताना होणारा जडत्वाचा विरोध सुमारे पाचपट वाढतो. हाताचे बळ तेवढेच राहत असल्याने घावाचा वेग घटतो, आणि आघाताची ऊर्जा तर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. शिवाय चुकलेला घाव मध्येच आवरता येत नाही. तो नडगीवर येण्याचा धोका असतो.

सोलणे, तासणे, भाजी चिरणे यांसाठी पाच ते सात इंची पाते पुरेसे होते. याहून बारीक कामाकरिता मोठ्या कुकरीच्या म्यानातच ‘कर्दा’ ही छोटी सुरी असते. स्वयंपाकघरात तर पायाने दाबून धरावयाची ‘चुलेसी’ असते. आपल्या विळीशी तिचे साम्य स्पष्ट आहे. एकच कुकरी बाळगावयाची झाल्यास दहा ते बारा इंची पाते सर्वांत सोयीचे. जाड फांद्यांसाठी तेरा ते पंधरा इंची पाते घ्यावे. मात्र त्यास सवयीचे मनगट हवे. दसैंच्या बळीसाठी वापरली जाणारी दोन हातांची प्रचंड कुकरी हा अपवाद होय. तिचे काम एकाच घावाचे असते, दिवसभराचे नव्हे.

लांबीइतकाच घाटही महत्त्वाचा. सिरु गवताच्या पात्यावरून नाव पडलेली ‘सिरुपाते’ कुकरी निमुळती व हलकी असून ओल्या डहाळ्यांना उत्तम; रुंद ‘भोजपुरे’ कुकरी लाकडास अधिक उपयुक्त.

पाते बहुधा मालमोटारींच्या जुन्या पाट्यांच्या पोलादाचे असते. लोहार तापलेल्या धारेवर किटलीने पाण्याची धार सोडून तेवढाच भाग कठीण करतो; पाठ चिवट राहते. म्हणून घाव पोटाच्या धारेवर घ्यावा, आणि लहान कुकरीने वाळलेले गाठाळ लाकूड फोडू नये.

सारांश, वारंवार उचलता येईल आणि हवी तेथे थांबविता येईल अशी कुकरी निवडावी. तिच्याने न होणारे काम मोठ्या कुकरीपेक्षा कुऱ्हाडीकडे सोपविणेच श्रेयस्कर.