परतानुवादाची मर्यादा

पायांच्या विकारांसंबंधीची ‘फूट फंक्शन इंडेक्स’ ही प्रश्नावली १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. वेदना, अक्षमता व हालचालींवरील बंधने अशा तीन विभागांत तीत २३ प्रश्न आहेत. अशा प्रश्नावलीचे कोरियन रूपांतर ग्राह्य ठरविताना परतानुवाद करतात. म्हणजे मूळ न पाहिलेल्या अनुवादकाकडून कोरियन पाठ पुन्हा इंग्रजीत आणवितात. दोन्ही इंग्रजी पाठ जुळले की अर्थ पोचला, असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावा.

अनवाणी चालताना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न, दारातच जोडे काढणाऱ्या कोरियन घरांत, सहज बसतो. घोटाळा आहे तो ‘वेदना’ या साध्या शब्दाशी. वैद्यकात रूढ असलेला, चिनी मूळाचा ‘थोंगजुंग’ हा शब्द परतताना बिनचूक ‘पेन’ होतो. परंतु गारठ्याने कळ येणाऱ्या पावलाविषयी सामान्य कोरियन माणूस ‘शिरिदा’ म्हणतो. मुंग्या आल्यास ‘चॉरिदा’. या संवेदनांना तो ‘थोंगजुंग’ म्हणेलच असे नाही, आणि न म्हटल्यास त्रास असूनही गुण शून्याजवळ राहतात. क्रॉनबाखचा अल्फा (१९५१) हा दोष दाखवीत नाही. सर्व प्रश्न एकाच दिशेने चुकले तरी त्यांची परस्परसंगती टिकून राहते. (संख्याशास्त्रज्ञ मित्रांस हे ठाऊक असते, अनुवादकांस क्वचितच.) म्हणून रुग्णांस प्रत्येक प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावण्याची पायरी वगळू नये, मग नमुना दहा-वीस जणांचाच का असेना.